हाती आलेला नग कसा तपासावा: कमी किमतीच्या थर्ड पार्टी लेन्सची पारख

विदर्भातील तालुक्याच्या ठिकाणी लग्नसमारंभांचे फोटो काढून संसार चालवणाऱ्या छायाचित्रकाराकडे कॅमेऱ्यासोबत मिळालेली १८-५५ मिमीची किट लेन्स असतेच; खरा प्रश्न पडतो तो दुसरी लेन्स घेताना. कॅमेरा बनवणाऱ्या कंपनीची एफ/१.४ किंवा एफ/२.८ लेन्स (एफचा आकडा जितका लहान, तितका आत येणारा प्रकाश जास्त) लग्नसराईच्या कमाईत बसत नाही, आणि मग याँगनुओ, विल्ट्रॉक्स, मेइके, टीटीआर्टिसन, सेव्हन आर्टिसन्स ही थर्ड पार्टी, म्हणजे दुसऱ्यांच्या कॅमेऱ्यांसाठी लेन्स बनवणाऱ्या कंपन्यांची, नावे समोर येतात. या लेखात कमी किमतीची लेन्स म्हणजे साधारण पंचवीस हजार रुपयांच्या आतली लेन्स असे धरले आहे. सिग्मा आणि टॅमरॉन यांच्या काही लेन्स या मर्यादेत बसतात, बऱ्याचशा बसत नाहीत.

या वर्गात "कोणती कंपनी चांगली?" या प्रश्नाने निम्मेच काम होते. लेन्समधली प्रत्येक काच एकाच अक्षावर नेमकी बसावी लागते आणि त्यात केसभर फरक पडला तरी चित्राची एक बाजू किंवा एक कोपरा पुसट येतो. असा नग कारखान्यातच वेगळा काढायचा तर प्रत्येक लेन्स यंत्रावर तपासावी लागते, आणि या तपासणीला पैसा लागतो. सिग्माने २०१२ पासून आपल्या आर्ट, कंटेम्पररी आणि स्पोर्ट्स या मालिकांतील प्रत्येक नग ए१ नावाच्या स्वतःच्या यंत्रावर तपासण्याची पद्धत सुरू केली. स्वस्त लेन्समध्ये काटकसर होते ती बहुधा याच टप्प्यावर. त्यामुळे यूट्यूबवरील परीक्षणात दाखवलेला नग उत्तम निघाला म्हणून कुरियरने आपल्या दारात आलेला नगही तसाच असेल, असे धरता येत नाही. कंपनीच्या संकेतस्थळावरील एमटीएफ आलेखांचेही (लेन्स किती स्पष्ट चित्र देते हे दाखवणाऱ्या आलेखांचेही) तेच आहे. त्यांपैकी बरेचसे आलेख आराखड्यावरून गणिताने काढलेले असतात. प्रत्यक्ष बनलेल्या लेन्सबद्दल ते काही सांगत नाहीत. तपासणी आपल्यालाच करावी लागते, आणि ती परत करण्याची मुदत संपण्याआधी करावी लागते.

आधी काम, मग माउंट

मांडवातील हळदीचे फोटो, शाळेचे स्नेहसंमेलन आणि झाडीपट्टीचे नाटक यांना एकच लेन्स पुरत नाही. दिवाळीनंतर धान निघाले की गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया आणि भंडारा या जिल्ह्यांत रात्रभर नाटके चालतात. तिथे रंगीत प्रकाश सतत बदलतो, नट एका जागी उभे राहत नाहीत आणि फ्लॅश मारणे शोभत नाही. अशा कामासाठी ५६ किंवा ८५ मिमीची, एफ/१.४ ते एफ/१.८ इतकी उघडणारी आणि ऑटोफोकस असलेली लेन्स हवी. मांडवातल्या दाटीत मात्र एपीएस-सी, म्हणजे फुल फ्रेमपेक्षा लहान सेन्सरच्या, कॅमेऱ्यावर ५० मिमीसुद्धा लांब पडते, कारण कॅननच्या एपीएस-सी कॅमेऱ्यावर तिचा दृश्यकोन ८० मिमीसारखा, तर निकॉन आणि सोनीवर ७५ मिमीसारखा होतो. तिथे २३ ते ३५ मिमीची लेन्स बरी. भंडारा-गोंदियाच्या मालगुजारी तलावांवरील पक्ष्यांसाठी या किमतीत नवी टेलिफोटो (दूरचे जवळ आणणारी लेन्स) शोधण्याचा हट्ट माझ्या मते सोडून द्यावा. ५०० मिमी एफ/८ च्या स्वस्त मिरर लेन्स बाजारात आहेत, पण त्यांचा फोकस हाताने करावा लागतो, ॲपर्चर (प्रकाश आत सोडणारे छिद्र) बदलता येत नाही आणि पार्श्वभूमीत वर्तुळाकार कड्या उमटतात. त्यापेक्षा पैसे साठवून कंपनीची जुनी टेलिफोटो घेतलेली बरी.

माउंटच्या, म्हणजे लेन्स कॅमेऱ्यावर जिथे बसते त्या कडीच्या, बाबतीत सेन्सर आणि माउंट यांतले अंतर ध्यानात ठेवावे. कॅनन ईएफमध्ये ते ४४ मिमी, निकॉन एफमध्ये ४६.५ मिमी, सोनी ईमध्ये १८ मिमी, कॅनन आरएफमध्ये २० मिमी आणि निकॉन झेडमध्ये १६ मिमी असते. यांपैकी पहिले दोन माउंट डीएसएलआरचे, म्हणजे आत आरसा असलेल्या कॅमेऱ्यांचे, आणि बाकीचे मिररलेसचे, म्हणजे बिनआरशाच्या कॅमेऱ्यांचे. म्हणूनच डीएसएलआरची लेन्स ॲडॅप्टर लावून मिररलेसवर बसवता येते, पण मिररलेसची लेन्स डीएसएलआरवर चालत नाही. पुढेमागे कॅमेरा बदलायचा विचार असेल, तर खरेदी याच हिशेबाने करावी. सोनीने ई माउंटची तांत्रिक माहिती २०११ मध्ये इतर उत्पादकांना खुली केली, त्यामुळे तिथे पर्याय भरपूर आहेत. कॅननच्या आरएफ माउंटवर सिग्मा आणि टॅमरॉन यांना एपीएस-सीसाठी ऑटोफोकस लेन्स परवान्याने बनवण्याची वाट २०२४ मध्ये मोकळी झाली. निकॉनच्या डी३५०० आणि डी५६०० सारख्या कॅमेऱ्यांच्या बॉडीत फोकसची मोटर नाही. अशांनी लेन्समध्येच मोटर आहे ना, हे पैसे देण्याआधी पाहावे, नाहीतर ऑटोफोकस लेन्स घेऊनही हातानेच फोकस करत बसावे लागेल.

पैसे देण्यापूर्वी

पक्के बिल, भारतातील अधिकृत आयातदाराचे वॉरंटी कार्ड आणि दुरुस्ती कुठे होते याचे सरळ उत्तर, एवढे मिळाले तरच व्यवहार करावा. नागपूरच्या सीताबर्डीत असो की ऑनलाइन, हजार-पाचशे रुपये कमी करून विनाबिलाची लेन्स देणारे भेटतातच. ती बिघडली तर दाद मागायला जागा उरत नाही. लेन्सच्या माउंटजवळ यूएसबी पोर्ट आहे का, किंवा फर्मवेअर (लेन्सच्या आतली आज्ञावली) अद्ययावत करण्याची दुसरी काही सोय आहे का, हेही विचारावे. या कंपन्यांपैकी अनेकींनी कॅमेरा आणि लेन्स यांच्यातली सांकेतिक देवाणघेवाण स्वतःच उलगडून वापरलेली असते. त्यामुळे कॅमेऱ्याचे फर्मवेअर बदलले की लेन्स अचानक ओळखली न जाण्याचा धोका राहतो, आणि ज्या लेन्सचे फर्मवेअर घरच्या संगणकावरून बदलता येते तिच्यावर निदान इलाज असतो.

डबा उघडताना

डबा उघडण्यापासून लेन्सवरील अनुक्रमांक दिसेपर्यंत मोबाइलवर सलग व्हिडिओ काढावा. नंतर लेन्स कॅमेऱ्यावर बसवून हलक्या हाताने डावीकडे-उजवीकडे फिरवून पाहावी. फिरण्याच्या दिशेने किंचित हालचाल बऱ्याच लेन्समध्ये असते, पण वरखाली डुगडुगत असेल तर तो नग ठेवू नये. फोकस रिंग सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकसारख्या जोराने फिरली पाहिजे. मध्येच अडकणे किंवा एकदम सैल पडणे हे ग्रीस नीट न लागल्याचे लक्षण आहे.

त्यानंतर काच पाहावी. खोलीत अंधार करून मोबाइलचा टॉर्च मागच्या बाजूने तिरपा धरावा आणि समोरून आत पाहावे. मग उलट बाजूनेही तसेच करावे. टॉर्च सरळ धरला तर डोळे दिपतात आणि काहीच कळत नाही. तिरप्या उजेडात मात्र काचेवरचा प्रत्येक ठिपका उठून दिसतो. धुळीचे चार-दोन कण नव्या लेन्समध्येही सापडतात आणि त्यांनी फोटोत काही फरक पडत नाही. बोटाचे ठसे, ग्रीसचा ओघळ, काचेच्या कडेचे टवके किंवा धुरकट पापुद्रा दिसला तर मात्र पुढच्या चाचण्यांत वेळ घालवू नये.

भिंतीची परीक्षा

ही चाचणी निवांतपणे करावी, कारण लेन्सचा सर्वांत महत्त्वाचा दोष इथेच सापडतो. सपाट भिंत शोधावी. मातीच्या जुन्या घरांच्या भिंती मध्येच फुगलेल्या असतात, त्यामुळे शाळेची किंवा ग्रामपंचायतीची प्लास्टर केलेली भिंत चांगली. तिच्यावर वर्तमानपत्राची छोट्या जाहिरातींची पाने अशी चिकटवावीत की चौकटीचे चारही कोपरे आणि मध्य बारीक अक्षरांनी भरून जाईल. कॅमेरा आणि भिंत यांच्यातील अंतर फोकल लेंग्थच्या सुमारे चाळीस ते पन्नास पट ठेवावे, म्हणजे ५० मिमीसाठी दोन ते अडीच मीटर.

आता कॅमेरा भिंतीला अगदी समांतर हवा. नुसत्या डोळ्याच्या अंदाजाने तो तसा कधीच होत नाही, आणि मग छायाचित्रकाराच्या चुकीचा दोष लेन्सच्या माथी येतो. त्यावर साधा उपाय आहे. हातात मावेल एवढा सपाट आरसा मधल्या पानावर भिंतीला घट्ट टेकवून धरावा आणि कॅमेऱ्यातून त्यात पाहावे. लेन्सच्या पुढच्या काचेचे प्रतिबिंब चौकटीच्या बरोबर मध्यावर येईपर्यंत ट्रायपॉड सरकवत राहावे. ते मध्यावर आले की कॅमेरा भिंतीला समांतर झाला. प्रतिबिंब भिंतीच्या अंतराच्या दुप्पट अंतरावर असल्यासारखे फोकस होते, हे इथे विसरू नये. आरसा काढल्यावर फोकस पुन्हा कागदावर करावाच लागतो.

आयएसओ १००, रॉ फाइल (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली), दोन सेकंदांचा टायमर आणि कॅमेऱ्यातील किंवा लेन्समधील स्टॅबिलायझेशन बंद. लाइव्ह व्ह्यूमध्ये (कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर) चित्र मोठे करून मध्यभागी फोकस करावा आणि एफ/१.८ पासून एफ/८ पर्यंत एकेका स्टॉपने (प्रकाश निम्मा करणाऱ्या एकेका पायरीने) फोटो घ्यावेत. प्रत्येक ॲपर्चरला फोकस नव्याने करून दुसरी मालिका काढावी, कारण जास्त उघडणाऱ्या काही लेन्समध्ये ॲपर्चर लहान केल्यावर फोकसची जागाच सरकते.

संगणकावर फाइल पूर्ण आकारात उघडून चारही कोपरे एकमेकांशी ताडून पाहावेत. एफ/१.८ ला चारही कोपरे मध्यापेक्षा मऊ असणे हे या किमतीत अपेक्षितच आहे, त्यासाठी लेन्स परत करू नये. चारही कोपरे सारखेच मऊ असतील, तर एका कोपऱ्यावर फोकस करून पुन्हा फोटो घ्यावा. तो कोपरा आता स्पष्ट आला तर लेन्सचे फोकसचे प्रतल वक्र आहे. हा आराखड्याचा गुणधर्म आहे, नगाचा दोष नव्हे. नवरा-नवरीच्या फोटोत त्याचा त्रास होत नाही, पण मांडवात सगळ्या सोयऱ्यांना एका रांगेत उभे केले की टोकाची माणसे पुसट येतात.

चिंतेची बाब म्हणजे असमानता. एक कोपरा किंवा एक बाजू एफ/४ वरही पुसट आणि तिच्या समोरची बाजू लख्ख, असे दिसले तर आतील एखादी काच अक्षावरून सरकलेली किंवा तिरपी बसलेली असण्याची दाट शक्यता आहे. खात्रीसाठी कॅमेरा उलटा करावा. ट्रायपॉडवर ते जमत नसेल तर टेबलावर तुरीच्या डाळीची पिशवी ठेवून तिच्यावर कॅमेरा पालथा टेकवावा, आरशाने पुन्हा समांतर करून फोटो घ्यावा. फाइल कॅमेऱ्याने आपोआप फिरवली असेल तर ती मूळ स्थितीत आणून पाहावी. पुसटपणा चौकटीच्या त्याच कोपऱ्यात राहिला तर दोष लेन्सचा. तो समोरच्या कोपऱ्यात गेला तर भिंत किंवा मांडणी तिरपी होती.

दूरचा टॉवर आणि उन्हाची झळ

जवळच्या अंतरावर चांगली वाटणारी लेन्स अनंत अंतरावर ढेपाळू शकते, म्हणून दूरची चाचणी वेगळी करावी. आपल्या सपाट मुलखात त्यासाठी सोय चांगली आहे: वावराच्या धुऱ्यावर उभे राहिले की दीड-दोन किलोमीटरवरचा मोबाइल टॉवर किंवा पाण्याची टाकी दिसते. टॉवर मध्यभागी घेऊन फोकस करावा, फोकस मॅन्युअलवर टाकून तिथेच ठेवावा आणि मग टॉवर एकामागून एक चारही कोपऱ्यांत घेऊन फोटो काढावेत. ही चाचणी सूर्य उगवल्यानंतरच्या पहिल्या तासात करावी. उन्हाळ्यात ऊन चढले की काळ्या जमिनीवरून गरम हवा वर उठू लागते, टॉवरच्या जाळीच्या रेषा थरथरू लागतात आणि चांगल्या लेन्सचा फोटोही पाण्याखालून काढल्यासारखा येतो.

हाताने फोकस करायच्या स्वस्त लेन्समध्ये रिंग अनंत चिन्हाच्या थोडी पुढे जाते, ते चालते. पण रिंग शेवटपर्यंत फिरवूनही टॉवर स्पष्ट होत नसेल, तर ती लेन्स दूरच्या कोणत्याही कामाची नाही. अशा लेन्सला विद्युत संपर्कबिंदू नसतात, म्हणून कॅमेऱ्याच्या मेन्यूत लेन्सविना शटर चालू देण्याचा पर्याय आधी सुरू करावा लागतो आणि बॉडीत स्टॅबिलायझेशन असेल तर फोकल लेंग्थ हाताने भरावी लागते. हे न केल्यामुळे "लेन्स चालतच नाही" म्हणून परत पाठवणारेही आहेत.

ऑटोफोकसचा भरवसा

एकदा अचूक फोकस होणे आणि दर वेळी अचूक होणे यांत फार अंतर आहे. टेबलावर मोजपट्टी पंचेचाळीस अंशांत तिरपी ठेवून तिच्या एका ठळक आकड्यावर फोकस करावा. प्रत्येक फोटोआधी रिंग पूर्ण फिरवून फोकस बिघडवावा, असे आठ-दहा फोटो घ्यावेत. सगळ्या फोटोंत फोकस सारखाच पुढे किंवा मागे पडत असेल तर तो डीएसएलआरमधील जुळणीचा प्रश्न आहे. महागड्या बॉडीत तो सूक्ष्म समायोजनाने सुटतो, पण कॅनन २००डी, १५००डी किंवा निकॉन डी५६०० यांत तशी सोयच नाही, तेव्हा लेन्स परत करावी किंवा लाइव्ह व्ह्यूवर काम करण्याची तयारी ठेवावी. फोकस कधी पुढे, कधी मागे, कधी बरोबर पडत असेल, तर कोणत्याही समायोजनाने तो सुधारणार नाही. मिररलेसमध्ये फोकस सेन्सरवरच मोजला जात असल्याने पहिला प्रकार क्वचित दिसतो.

चालत्या विषयासाठी पांदणीवर एखाद्याला सायकलवर आपल्याकडे यायला सांगावे आणि सलग फोटो घ्यावेत. वरातीत किंवा पोळ्याच्या मिरवणुकीत बैलजोडी साधारण याच वेगाने आणि याच दिशेने येते. व्हिडिओचे काम असेल तर जवळून दूर फोकस नेताना चौकट किती आकुंचन-प्रसरण पावते आणि कॅमेऱ्याच्या माइकमध्ये मोटरची कुरकुर येते का, हे शांत खोलीत पाहून घ्यावे.

ॲपर्चर, कडांचे रंग आणि सरळ रेषा

मोकळ्या उन्हात पांढऱ्या भिंतीसमोर एफ/८ ठेवून मॅन्युअल मोडवर सलग दहा-बारा फोटो घ्यावेत. त्यांच्या उजेडात चढउतार दिसला तर ॲपर्चरची पाती अडखळत आहेत. ही चाचणी घरातील एलईडी दिव्याखाली करू नये. त्या दिव्यांची लुकलुक फोटोत उतरते आणि दोष उगाच लेन्सवर येतो.

फुटलेल्या कापसाचे बोंड काळ्या मातीच्या पार्श्वभूमीवर एफ/१.८ ला टिपले, तर रंगदोष लगेच कळतो. फोकसच्या पुढच्या भागात जांभळट आणि मागच्या भागात हिरवट कडा दिसतात. हा दोष संगणकावर पूर्ण जात नाही आणि नवरीच्या दागिन्यांवर हमखास उमटतो. आभाळावर दिसणाऱ्या विजेच्या तारांना चौकटीच्या कडेला येणारी लाल-निळी किनार मात्र सॉफ्टवेअरमध्ये एका क्लिकने जाते, तिची फारशी काळजी करू नये. कोपऱ्यांतील अंधार आणि शाळेच्या खांबांचे वाकणे यांचेही तसेच. फरक एवढाच की कंपनीच्या लेन्सचे हे दोष कॅमेरा स्वतःच लपवतो, तर थर्ड पार्टी लेन्सचे बऱ्याचदा लपवत नाही. म्हणून तुलना रॉ फाइलींचीच करावी.

रात्रीचा प्रकाश

स्वस्त लेन्स सर्वांत आधी उघडी पडते ती समोरून येणाऱ्या प्रकाशात. काचेवरील लेप साधा असला की मांडवातल्या एलईडी पार लाइटमुळे सगळ्या चित्रावर दुधाळ पडदा येतो आणि हिरव्या-जांभळ्या ठिपक्यांची माळ पसरते. अंगणात रात्री एक प्रखर बल्ब लावून त्यासमोर कोणाला तरी उभे करावे आणि बल्ब आधी चौकटीत, मग कडेवर, मग चौकटीच्या जरा बाहेर ठेवून फोटो घ्यावेत. चौकटीबाहेरच्या बल्बचा त्रास हूडने (लेन्सच्या तोंडावरच्या आडोशाच्या कड्याने) किंवा हाताच्या आडोशाने थांबत असेल तर हूड कायम लावून ठेवावा. आडोसा करूनही चित्र फिकट येत असेल, तर लेन्सनळीच्या आतील रंग चकाकतो आहे असे समजावे. दिवसा सूर्य घेऊन हीच चाचणी करायची असेल तर ऑप्टिकल व्ह्यूफाइंडरला डोळा लावू नये.

रोषणाईची माळ कोपऱ्यात घेतली की कोपऱ्यातील दिवे ठिपक्यांऐवजी पंख पसरलेल्या पाखरांसारखे दिसतात का, तेही पाहावे. दोन स्टॉप कमी केल्यावर हे पंख मिटले तर ठीक. झाडीपट्टीच्या रंगमंचावर दिव्यांची रांग चौकटीच्या वरच्या कडेलाच असते, म्हणून तिथे काम करणाऱ्याने याला महत्त्व द्यावे. इतरांनी दुर्लक्ष केले तरी चालेल.

वापरलेली लेन्स आणि आपले हवामान

सेकंड हँड लेन्स घेताना टॉर्चची तपासणी दुप्पट काळजीने करावी. काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी आहे. ती साफ केली तरी काचेच्या लेपावर डाग राहू शकतो. ॲपर्चरच्या पात्यांवर तेलकट चमक असेल तर उन्हाने ग्रीस पातळ होऊन आत उतरले आहे. चंद्रपूर, अकोला आणि नागपूर येथे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो आणि बंद गाडीत त्याहून खूप अधिक होतो, त्यामुळे इकडच्या वापरलेल्या लेन्समध्ये हा दोष खास शोधावा. पुढच्या काचेवरील बारीक ओरखड्याने फारसे बिघडत नाही, मागच्या काचेवरील ओरखडा मात्र फोटोत दिसतो. कमी किमतीच्या बहुतेक लेन्सच्या माउंटला धूळ अडवणारी रबरी कड नसते. त्यामुळे जंगल सफारीच्या उघड्या जिप्सीत लेन्स बदलण्याचा मोह टाळावा. पावसाळ्यात लेन्स कातडी पिशवीत न ठेवता हवाबंद प्लास्टिकच्या डब्यात सिलिका जेल आणि छोट्या आर्द्रतामापकासह ठेवावी, आणि आतील आर्द्रता चाळीस ते पन्नास टक्क्यांच्या आसपास राखावी.

ठेवायची की परत करायची

एका बाजूचा पुसटपणा, बेभरवशाचा ऑटोफोकस, डुगडुगणारे माउंट, अनंतापर्यंत न पोहोचणारा फोकस किंवा कॅमेऱ्याशी मध्येच तुटणारा संपर्क, यांपैकी एकही दोष असेल तर लेन्स परत करावी. किंमत कमी होती म्हणून मन वळवू नये. विक्रेत्याला "फोटो बरोबर येत नाही" असे लिहिले तर उत्तर टाळाटाळीचे येते. त्याऐवजी एकाच फोटोतील डावा आणि उजवा कोपरा पूर्ण आकारात कापून शेजारी लावावा, ॲपर्चर लिहावे आणि अनुक्रमांकाचा फोटो जोडावा. अनेक विक्रेते पैसे परत न करता फक्त बदली नग देतात, ती अट खरेदीपूर्वीच वाचून ठेवावी.

बदली नग आल्यावर भिंतीची चाचणी पुन्हा करावी आणि पहिल्या नगाच्या फाइली तोवर पुसू नयेत. दोन्ही नगांत तोच दोष सारख्याच प्रमाणात आढळला तर तो आराखड्याचाच आहे; तिसरा नग मागवून उपयोग नाही, दुसरे मॉडेल पाहावे. बदली म्हणून येणारा नग कधीकधी दुसऱ्या कोणी परत केलेलाच असतो. माउंटच्या धातूवर घासल्याच्या रेषा आहेत का, स्क्रूच्या डोक्यांवर पेचकसाच्या खुणा आहेत का आणि डब्यावरचा अनुक्रमांक लेन्सवरच्या अनुक्रमांकाशी जुळतो का, हे कॅमेऱ्यावर चढवण्याआधीच पाहून घ्यावे.